नवीन डॉक्टरांकडे जायचंय, पण जिना चढवत नाही

शनिवार पेठेतला आमच्या डॉक्टरकाकांचा दवाखाना बंद झाला तेव्हा दारावर पाटी लागली: ‘दवाखाना कायमचा बंद आहे. का, ते विचारू नये.’ अक्षर काकांचंच होतं, आणि मेडिकलवाल्याखेरीज इतरांनाही ते वाचता आलं असा हा पहिलाच प्रसंग. आमच्या घरातल्या तीन पिढ्या त्यांनी बघितल्या होत्या. मला सल्फाच्या गोळ्यांनी अंगावर चट्टे उठतात, सुई दिसली की मला घाम फुटतो, यातलं काही त्यांना सांगावं लागत नसे.

त्यानंतर अकरा महिने मी कुठल्याच डॉक्टरांकडे गेले नाही. थायरॉईडची गोळी जुन्या चिठ्ठीवर आणत राहिले. कोथरूडमधल्या एका दवाखान्याची अपॉइंटमेंट घेतली, जिन्यापर्यंत गेले आणि खालच्या मेडिकलमधून बामची बाटली घेऊन परत आले. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला वर गेले आणि तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, ११ निघाला, हवा त्यापेक्षा बराच जास्त. तोवर जी मरगळ मी वयाच्या नावावर खपवत होते, ती अपुऱ्या गोळीची होती.

पुढे जे लिहिलंय ते त्या बामच्या बाटल्यांमधून शिकलेलं. मी डॉक्टर नाही, घाबरट पेशंट आहे. माझं मत असं झालंय, की नव्या डॉक्टरांची भीती बऱ्याचदा आजाराची नसतेच. आपली सगळी कर्मकहाणी एका अनोळखी माणसाला पाच मिनिटांत पहिल्यापासून सांगायची, आणि त्यात नेमकं महत्त्वाचं राहून जायचं, याची ती धास्ती असते. त्यामुळे मनाला समजावत बसण्यापेक्षा मी जास्त मेहनत एका कागदावर घेते. त्याबद्दल खाली सविस्तर येईलच.

त्याआधी एक गोष्ट. हे सगळं हाताशी वेळ असलेल्या माणसासाठी आहे. छातीत दाब येऊन घाम फुटलाय, श्वास पुरत नाहीये, अचानक तोंड वाकडं झालंय, जीभ जड झालीय किंवा एका बाजूचा हात-पाय उचलत नाहीये, तर ‘मला डॉक्टरांची भीती वाटते’ हा विषय तिथेच सोडायचा आणि १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची.

आधी भीतीचं नाव काढा

‘मला डॉक्टरांची भीती वाटते’ या वाक्याचं काही करता येत नाही, ते फार मोठं आहे. ते फोडून बघा. कोणाला ‘काहीतरी मोठं निघेल’ याची भीती असते. कोणाला ‘एवढे दिवस काय करत होतात?’ हे ऐकून घ्यावं लागेल याची. कोणाला कपडे सैल करून तपासून घ्यायचा संकोच, कोणाला सुई, कोणाला बिल. माझ्या शेजारच्या काकूंना फक्त वजनकाट्याची भीती होती. वजन बघितल्यावर डॉक्टर दुसरं काही ऐकूनच घेत नाहीत, असा त्यांचा अनुभव.

प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. बिलाची धास्ती असेल तर फी फोनवरच विचारायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही. संकोच असेल तर स्त्री-डॉक्टर शोधायच्या. सुईचं पुढे लिहिलंय. ओरडा बसेल याची भीती असणाऱ्यांना एवढंच सांगते, की चार वर्षांनी आलेले पेशंट डॉक्टरांना रोज दिसतात. आपण काही पहिले नसतो.

डॉक्टर शोधताना

पुण्यात कोणालाही विचारा, लगेच नाव मिळतं आणि वर ‘हाताला गुण आहे’ हे प्रशस्तिपत्रक. त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. मी तीन प्रश्न विचारायला लागले: ऐकून घेतात का? प्रश्न विचारला तर चिडतात का? दिलेल्या वेळेनंतर किती वेळ बसवून ठेवतात? बिल्डिंगच्या ग्रुपवर हे तीन प्रश्न टाकल्यावर दहा नावांची दोन नावं झाली.

कशासाठी जायचंय तेही ठरवा. सगळं एकत्र बघणारं कोणीतरी हवं असेल तर सुरुवात जनरल प्रॅक्टिशनर किंवा एमडी मेडिसिन म्हणजे फिजिशियन यांच्यापासून करा. छातीत धडधडलं की थेट हृदयरोगतज्ज्ञ, डोकं दुखलं की थेट न्यूरोलॉजिस्ट असं केलं तर दर वेळी नवीन डॉक्टर, म्हणजे दर वेळी नवीन भीती.

नोंदणी तपासणं पाच मिनिटांचं काम आहे. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, बीएएमएस वैद्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवरही छापलेला असायला हवा. ऑनलाइन स्टार मात्र मी फारसे मनावर घेत नाही. निम्म्या तक्रारी पार्किंगच्या असतात. (त्या खऱ्या असतात, हे मान्य. डेक्कनला किंवा टिळक रोडला जायचं तर रिक्षा, बस, नाहीतर मेट्रो बरी. गाडी लावायला जागा शोधतानाच निम्मं बीपी वाढतं.)

फोन

फोन करायलाच हात धजत नसेल तर वाक्यं लिहून काढा आणि चक्क वाचून दाखवा. माझी अशी होती:

‘नमस्कार ताई, मला डॉक्टरांना पहिल्यांदाच दाखवायचंय. थायरॉईडचं आहे, तातडीचं नाही. नवीन पेशंटला थोडा जास्त वेळ मिळेल अशी वेळ आहे का? शक्यतो पहिला नंबर द्या. फी किती आणि रोख की ऑनलाइन? जुने रिपोर्ट आणू ना? उपाशी यायचंय का? माझ्याबरोबर एक जण आत आलं तर चालेल ना?’

पहिला नंबर मागण्यामागे कारण आहे. दवाखाने साधारण सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन पाळ्यांत चालतात, आणि पाळी जसजशी पुढे सरकते तसतसा उशीर साठत जातो. घाबरलेल्या माणसाला दीड तास बसवणं म्हणजे भीतीला खतपाणी. ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जायचं असेल तर हिशोब वेगळा. तिथे केसपेपरच्या रांगेपासून सुरुवात असते, म्हणून सकाळी लवकर पोचायचं, डबा-पाणी बरोबर ठेवायचं आणि अर्धा दिवस गेला असंच धरून चालायचं.

तो कागद

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरकाकांच्या डोक्यात जे होतं ते एका पानावर उतरवायचं. एकच पान, पाठपोट नाही. सात पानांची फाईल कोणी वाचत नाही, पण एक पान हातात दिलं तर नजर फिरतेच.

माझा कागद साधारण असा आहे:

सगळ्यात वर ठळक अक्षरांत: सल्फा औषधांची ॲलर्जी. १९९८मध्ये अंगभर चट्टे. कारण एकदा मी हे विसरले होते. एका ठिकाणी घाईघाईत ‘ॲलर्जी आहे का?’ विचारलं, मी घाबरून ‘नाही’ म्हणून मोकळी झाले. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेल्यावर गोळीचं नाव वाचून पायाखालची जमीन सरकली. चूक त्या डॉक्टरांची नव्हती. ज्याने सांगायचं, तो माणूस त्या क्षणी भानावर नव्हता, एवढंच.

त्याखाली: आज कशासाठी आले. एकच वाक्य. ‘सहा महिने थकवा, केस गळतात, बद्धकोष्ठ, वजन ४ किलो वाढलं.’

त्याखाली चालू गोळ्या: नाव, किती मिलिग्रॅम किंवा मायक्रोग्रॅम, कधी घेते. ‘ती पांढरी छोटी गोळी’ असं लिहायचं नाही. स्ट्रिपचा फोटो काढा किंवा स्ट्रिपच बरोबर न्या. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या साबुदाण्या, कॅल्शियम, भावजयीने सांगितलेलं चूर्ण, सगळं लिहा. उगाच नाही सांगत. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. मी ते दोन्ही रोज सकाळी एकाच घोटाबरोबर घेत होते, हे नव्या डॉक्टरांना कागद बघूनच कळलं.

मग जुने आजार आणि ऑपरेशनं, सालासकट. घरातलं: आईला मधुमेह, वडिलांना ५८व्या वर्षी हार्ट अटॅक. नंतर माझे तीन प्रश्न. तीनच, कारण दहा नेले तर एकाचंही धड उत्तर मिळत नाही. आणि सगळ्यात खाली एक ओळ, जी लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला: ‘मला दवाखान्याची भीती वाटते. हळू सांगितलंत तर लक्षात राहील.’

हा कागद हाताने लिहिला तरी चालतो. दोन प्रती करा, एक डॉक्टरांना द्यायला, एक स्वतःच्या हातात. आभा कार्ड (सरकारचं आरोग्य-ओळखपत्र) काढलं असेल तर त्याचा चौदा आकडी क्रमांकही लिहून ठेवा. दवाखाना त्या यंत्रणेला जोडलेला असेल तर रिपोर्ट एका जागी राहतात.

जुन्या डॉक्टरांकडची कागदपत्रं मागायचा हक्क आपल्याला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. पण हे नियम दाखवण्याआधी एकदा साधं ‘काका, माझी फाईल मिळेल का?’ विचारून बघा. आमच्या काकांनी तर पिवळी पडलेली कार्डं रबरबँड लावून घरी पाठवली.

रंगीत तालीम

आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी नुसतं जाऊन या. कुठला जिना, कितवा मजला, चपला कुठे काढायच्या, लिफ्ट चालते का, स्वच्छतागृह कुठे आहे. वर जाऊन फक्त वेळापत्रकाची पाटी वाचा आणि खाली या. माझ्या बामच्या फेऱ्या वाया गेल्या असं मला वाटायचं, पण चौथ्यांदा चढताना तो जिना ओळखीचा झाला होता, हेही खरं. फरक एवढाच, की पळून येताना भीती वाढते आणि ठरवून जाऊन ठरवून परत आलं की थोडी उतरते. म्हणून आधीच ठरवा: आज फक्त दारापर्यंत.

बरोबर कोण येणार तेही आत्ताच ठरवा. सगळ्यात प्रेमाचा माणूस दर वेळी सगळ्यात उपयोगी नसतो. माझा नवरा प्रेमळ आहे, पण माझ्याऐवजी तोच उत्तरं देतो. मी मैत्रिणीला नेलं आणि सांगून ठेवलं: ‘तू फक्त लिहून घे. मी गडबडले तरच बोल.’

जायच्या दिवशी

उपाशी बोलावलं नसेल तर खाऊन जा. पोट रिकामं असलं की हात थरथरतात आणि आपल्याला वाटतं भीतीच वाढली. चहा-कॉफी जरा आवरती घ्या, कॅफिनने धडधड वाढते. नेहमीच्या गोळ्या ‘आज डॉक्टर बघणारच आहेत’ म्हणून परस्पर बंद करू नका, विशेषतः बीपीची. आणि शेजारणीच्या डब्यातली अल्प्राझोलामची अर्धी गोळी ‘मन शांत राहायला’ घेऊ नका. ती चिठ्ठीशिवाय घ्यायची गोळी नव्हे. गुंगी येते ती वेगळीच, वर डॉक्टर तपासणार ते त्या गोळीखालच्या तुम्हाला.

वेटिंगमध्ये टीव्हीवर बातम्या चालू असतील, समोरचे आजोबा आपल्या बायपासची गोष्ट सांगत असतील. खिडकीजवळची किंवा दाराजवळची खुर्ची पकडा. मोबाईलवर लक्षणं शोधू नका, कितीही वाटलं तरी. श्वास असा घ्या: नाकाने चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. सोडायचा श्वास लांब ठेवायचा, कारण तेव्हा हृदयाची गती उतरते. पाच मिनिटं पुरे. खोल-खोल श्वास भराभर घेऊ नका, त्याने उलट चक्कर येते आणि ओठ-बोटांना मुंग्या येतात.

आत गेल्यावर

१९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं, की पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच थांबवतात. आपल्याकडच्या गर्दीत यापेक्षा उदार अपेक्षा ठेवू नका. म्हणून मुख्य तक्रार पहिल्याच वाक्यात. आपली सवय उलटी: आधी हवापाणी, मग गुडघा, मग ॲसिडिटी, आणि खरी गोष्ट उठता उठता दारात. ‘डॉक्टर, आणखी एक, छातीत जरा दुखतं अधूनमधून...’ तोपर्यंत पुढचा नंबर पुकारलेला असतो.

माझी सुरुवात अशी झाली: ‘डॉक्टर, मी पहिल्यांदाच आलेय आणि मला दवाखान्याची फार भीती वाटते. सगळं या कागदावर लिहून आणलंय.’ त्यांनी कागद घेतला. वरची ओळ वाचून लाल पेनने केसपेपरवर ‘सल्फा’ लिहिलं आणि त्याभोवती चौकट केली. ती चौकट बघून माझे खांदे एकदम खाली आले. एवढा वेळ ते कानापर्यंत वर चढलेत, हे मला माहीतच नव्हतं.

मग बीपी घेतलं: १६२/९८. डॉक्टर म्हणाल्या, ‘आज यावर औषध देत नाही. आठवडाभर घरी मोजून आणा.’ दवाखान्यात वाढणाऱ्या या बीपीला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात आणि ते भरपूर लोकांना असतं. घरी मोजायची रीत त्यांनी सांगितली ती अशी: मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, मांडी नाही, एकावर एक पाय नाही. दंड उघडा, हात टेबलावर, दंडाला बांधायचा पट्टा (कफ) हृदयाच्या उंचीला. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. सात दिवस. पहिला दिवस हिशोबात धरायचा नाही. घरची सरासरी १३५/८५च्या खाली हवी. दवाखान्यात हीच रेघ १४०/९०ला असते. माझी घरची सरासरी १२६/८० आली. सगळ्यांची अशी येईलच असं नाही, आणि घरीही जास्त येत असेल तर ‘ते माझं भीतीचं बीपी आहे’ म्हणून उडवून लावायचं नाही.

तपासणीआधी डॉक्टर काय करणार आहेत ते विचारा. ‘आधी सांगून मग हात लावाल का?’ हे वाक्य उद्धट नाही. स्त्री-रुग्णाला पुरुष डॉक्टर तपासत असतील तर दुसरी स्त्री हजर असावी असं मागण्याचा हक्क रुग्णांच्या हक्कांच्या सनदेत आहे. महाराष्ट्रातल्या नर्सिंग होम्सनी ही सनद दर्शनी भागात लावावी, असा नियम २०२१मध्ये झाला. एरवी पाट्यांच्या या गावात ही पाटी मात्र नेमकी कुंडीमागे असते, तेव्हा शोधून वाचा.

सुई. रक्त किंवा सुई बघून भोवळ येणाऱ्यांसाठी वरचा शांत श्वास पुरत नाही, कारण त्यांचं बीपी आधी वाढतं आणि मग एकदम खाली येतं. त्यावर स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात उलटी युक्ती मांडली: अंग सैल सोडायचं नाही, ताणायचं. हात, मांड्या आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग २०-३० सेकंद ढिले. असं पाच वेळा. घरी आठवडाभर सराव करून जायचं. रक्त घेताना तो हात तेवढा सैल ठेवायचा आणि बाकीचं अंग आवळायचं. शिवाय लॅबमध्ये सरळ सांगायचं, ‘मला चक्कर येते, आडवं पडूनच घ्या.’ असे पेशंट त्यांना रोजचेच.

निघण्यापूर्वी डॉक्टरांचं बोलणं आपल्या शब्दांत परत म्हणा: ‘म्हणजे गोळी ५०ऐवजी ७५ची, सकाळी अनशापोटी, कॅल्शियम दुपारी, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. बरोबर ना?’ चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त होतं. पुढे कोणत्या लक्षणासाठी लगेच फोन करायचा आणि कोणत्या नंबरवर, हेही विचारून घ्या.

नाही जुळलं तर

पहिल्या भेटीत डॉक्टर तुसडे वाटले तर एक संधी आणखी द्या. सव्वाआठला, चाळीस पेशंटांनंतर कोणीही तुसडं होतं. पण भीती वाटते असं सांगितल्यावर हसले, प्रश्नाला ‘डॉक्टर तुम्ही की मी?’ असं उत्तर आलं, किंवा कुठलीही तपासणी का, हे सांगायला नकार दिला, तर कागद उचला आणि दुसरं नाव काढा. दुसरं मत घेणं हाही हक्कच आहे. ‘डॉक्टर तुम्ही की मी?’ हे मला एका मोठ्या रुग्णालयात ऐकावं लागलंय. बाहेर येऊन रिक्षात रडले, पण कागद हातात होता, त्यामुळे पुढच्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

एवढं करूनही जिना चढवत नसेल, आठवडा आधीपासून झोप उडत असेल, किंवा भीतीपायी गरजेची तपासणी वर्षानुवर्षं टळत असेल, तर ही भीतीच आधी दाखवायला हवी. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. फोनवर कोणी अंगाला हात लावत नाही, नाडी बघत नाही, त्यामुळे सुरुवात म्हणून सोपा. मानसोपचारात अशा भीतीवर पायरी-पायरीने सामोरं जाण्याची पद्धत वापरतात. वर लिहिलेली रंगीत तालीम हे तिचंच घरगुती रूप.

दुसऱ्या भेटीला जाण्याआधी कागदावरची गोळी बदला, तारीख बदला, जुने प्रश्न खोडून नवे लिहा. खालची भीतीची ओळ मी अजून ठेवली आहे. मागच्या खेपेला डॉक्टरांनी ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि मशीन बाजूला सरकवत म्हणाल्या, ‘बीपी शेवटी घेऊ या का?’ १३८/८६ आलं.